खोलीपेक्षा मोठा टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे आणि माझ्या काचेत एक बाई आहे.

काळोखं चित्र चालू असेल तेव्हा ती दिसत नाही. पण पडद्यावर बर्फ आला, ढग आले, पांढऱ्या भिंतीपुढे कुणी बातम्या सांगायला बसलं, की ती हळूच वर येते. डोक्यावर टोपी, अंगात जाकीट, एक हात उंचावलेला. मित्रांनो, घाबरू नका. ती कुणाचं वाईट करत नाही. ती माझ्यात कशी आली, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण शिरू नये म्हणून माणसं नखशिखांत झाकलेली असत, फक्त डोळे तेवढे उघडे. कित्येक टीव्हींच्या पाठीशी दिवे असतात. माझ्यात तसे दिवे नाहीत. माझ्या काचेमागचा एकेक बारीक ठिपका स्वतःच उजळतो आणि उजळता उजळता कणाकणाने झिजतो. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. तरुणपणी झिजेची काळजी कोण करतो?

तिथून मी दुकानात आलो. दुकान बोगद्यासारखं लांबलचक होतं आणि मला अगदी टोकाच्या भिंतीवर लावलं होतं. एवढ्या लांबून मी फार देखणा दिसायचो. लोक दारातून मला पाहून सरळ माझ्याकडे चालत यायचे. जवळ आले की मान मागे घ्यायचे, किमतीची चिठ्ठी वाचायचे आणि मुकाट्याने लहान टीव्हींकडे वळायचे. मला त्यांची कीव यायची. मला वाटायचं, बिचाऱ्यांची ऐपत नाही.

एका दुपारी खांद्याला पिशवी अडकवलेली एक बाई आली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. तिची आई नुकतीच गेली होती आणि वडील चाळीतल्या एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याच घरात एकटे पडले होते. ती जवळच राहायची आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे जायची. टीव्ही घ्यायचं मात्र तिच्या धाकट्या भावाच्या मनात होतं. तो जहाजावर इंजिनियर होता. आई गेली तेव्हा तो भर समुद्रात होता, त्यामुळे त्याला तिचं शेवटचं दर्शनही झालं नव्हतं. आता तो फोनवरून बोलत होता आणि थोरलीने फोन विक्रेत्यापुढे धरला होता.

“बसणार किती लांब?” विक्रेत्याने पहिलाच प्रश्न विचारला.

“बाबांची खुर्ची भिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर येते,” थोरली म्हणाली. “मागे कपाट आहे.”

“मग त्रेचाळीस इंची घ्या. फार तर पन्नास. हा भिंतीवरचा सत्त्याहत्तर इंची आहे, तो सहा फुटांवरून बघायचा म्हणजे नाक लावून हत्ती बघण्यातला प्रकार. शेपूट दिसली तर सोंड दिसायची नाही.”

थोरली हसली. फोनमधला धाकटा हसला नाही. “ताई, मोठाच घे. मी फोन केला की बाबांना मी समोर बसल्यासारखा दिसलो पाहिजे. त्यांना एकटं वाटता कामा नये.”

“अरे, एकटेपणा काय इंचांत मोजतात? खोली बघशील की नाही?”

“खोली मी बघितली आहे. माझा जन्म त्याच घरात झालाय,” तो म्हणाला.

थोरलीने पुढे वाद घातला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तिला कळत होतं, पण हे पाय भावाच्या दुःखाचे होते. ते आखूड कर असं कुणाला सांगता येतं का?

मित्रांनो, मी त्या घरी गेलो तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या आकाराची लाज वाटली. जिन्यात मला उभं करावं लागलं, आडवं करावं लागलं. खोलीत भिंतीवरचं फडताळ काढलं, खुंट्या काढल्या, आरसा काढला, तेव्हा कुठे मी मावलो. बाबा बाजूला उभे राहून सगळं बघत होते. ते जन्मभर बंदरावर क्रेन चालवत आलेले. “मी वर बसलो की खालची माणसं मुंगीएवढी दिसायची,” ते विक्रेत्याच्या माणसांना म्हणाले. “आता मुंगी मी झालो.”

पहिले काही दिवस त्यांनी मला चांगली वागणूक दिली. पण बातम्या सांगणाऱ्याचं नाक त्यांच्या पावलाएवढं दिसायचं. खेळाचा सामना लागला की चेंडूमागे डावीकडून उजवीकडे बघून त्यांची मान धरायची. त्यांनी खुर्ची मागे नेली तर कपाटाचं दार उघडेना. पुढे आणली तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसू लागले आणि तिथून मी तिरका दिसायचो.

धाकट्याचा फोन आला की थोरली त्याला माझ्यावर घ्यायची. त्याचा चेहरा भिंतभर पसरायचा. बाबा बावरून जायचे. “जरा मागे सरक रे,” ते म्हणायचे, “तू एवढा जवळ येतोस की नुसते डोळेच दिसतात. तू दिसत नाहीस.”

मग आईचा वाढदिवस आला.

आई लहान मुलांना पोहायला शिकवायची. थोरलीच्या फोनमध्ये तिचा एक फोटो होता. मागे निळं पाणी, तलावाच्या काठावर पांढरी टोपी आणि पांढरं जाकीट घातलेली आई, कुणाला तरी हाक मारायला हात वर केलेला. वडिलांना बरं वाटेल म्हणून थोरलीने तो फोटो माझ्यावर लावला.

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

मित्रांनो, इतर सगळ्या चित्रांना मी मोठा पडत होतो. त्या एका फोटोला मात्र मी अगदी बरोबर झालो. कमरेपासून वरची आई जशीच्या तशी, खऱ्या मापाची त्या खोलीत उभी होती. तिचे डोळे बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर आले होते.

“आलीस?” बाबा म्हणाले.

थोरलीच्या अंगावर काटा आला. तिने रिमोट उचलला, पण बाबांनी तिचा हात धरला. “असू दे. आजच्या दिवस असू दे.”

तो दिवस संपलाच नाही. काही वेळाने पडदा आपोआप काळा होई, म्हणून बाबांनी थोरलीकडून ती सोय बंद करून घेतली. मला उसंत राहिली नाही. दिवस उजाडे, मावळे आणि आई तलावाच्या काठावर हात वर करून उभीच. उजेडाने ती फिकी दिसते म्हणून बाबांनी खिडकीचे पडदे ओढले. ती एकटी पडेल म्हणून बंदरावरच्या जुन्या सोबत्यांकडे जाणं बंद केलं. सदरा बदलायचा तरी स्वयंपाकघरात जाऊन बदलायचे, कारण तुटलेली बटणं दिसली तर ती रागवेल असं त्यांना वाटायचं. तिच्याशी बोलताना त्यांचं जेवण निवायचं, गोळ्या डबीत तशाच राहायच्या. मी त्यांच्या तोंडावर माझा निळा उजेड टाकत होतो आणि त्या उजेडात त्यांचे गाल आत जाताना बघत होतो. मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, मला बंद करा. आपल्या दोघांनाही थोडा काळोख हवा आहे.

एका सकाळी थोरली दूध घेऊन आली. ताप अंगात असतानाही ती दवाखान्यात जाण्याआधी आली होती. गोळ्या तशाच पाहून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, माझ्याकडे बघा तरी. माझ्या अंगात ताप आहे.”

बाबांनी मान तिरकी केली. “जरा बाजूला हो गं. तुझ्यामुळे ती दिसत नाहीये.”

थोरली बाजूला झाली. तिने दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. मी पुष्कळ दारं लागताना ऐकली आहेत. इतक्या हळू लागलेलं दार ऐकलं नाही.

त्याच दुपारी वीज गेली. माझ्यावरची आई विझली आणि काळ्या काचेत फक्त बाबा उरले, एकटे, खुर्चीच्या कडेवर बसलेले. ते घाईने उठले, बटणं दाबू लागले. वीज आली तेव्हा माझ्यावर कुठलातरी बर्फाळ मुलूख लागला. पांढरंशुभ्र मैदान, आणि त्या मैदानात राखाडी रंगाची एक बाई उभी. टोपी, जाकीट, वर केलेला हात.

बाबांनी वाहिनी बदलली. ती तिथेही होती. ढगांत होती, दुधाच्या जाहिरातीत होती, डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर होती.

संध्याकाळी त्यांनी आपण होऊन थोरलीला फोन केला. ती आली, येताना टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला घेऊन आली. त्याने माझा पडदा कोरा पांढरा करून पाहिला आणि मान हलवली.

“पडदा झिजलाय. एकच चित्र इतके दिवस ठेवलं की असं होतं. चित्रात जिथे उजेड जास्त, तिथली झीज जास्त. हे आता पुसलं जायचं नाही.”

“म्हणजे ती आता जाणार नाही,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता की भीती, ते मला कळलं नाही. थोरलीलाही कळलं नसावं.

पुढच्या फोनला धाकटा माझ्यावर आला तेव्हा त्याच्या मागे जहाजाची पांढरी भिंत होती. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या अंगावर आई उभी आहे रे.”

“काय म्हणताय, बाबा?”

“तुला नाही दिसायची. इकडून दिसते.”

धाकट्याचा भिंतीएवढा चेहरा हलायचा थांबला. मग तो म्हणाला, “मी येतो.” जहाज बंदराला लागताच रजा घेऊन तो खरंच आला.

आल्यावर त्याने बॅग दाराशीच टाकली आणि मला लावायला सांगितलं. थोरलीने माझा पडदा तसाच कोरा पांढरा केला. आईची सावली वर आली. तो जवळ आला, आणखी जवळ आला आणि त्याने काचेवर तळहात टेकला. माझ्यावर फार हात पडले आहेत मित्रांनो, पण इतका थंड हात पडला नव्हता. “आई, मला उशीर झाला,” तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. बहिणीने त्याला रडू दिलं.

मग त्याने डोळे पुसून नीट पाहिलं. “ताई, हिला चेहराच नाहीये.”

खरंच नव्हता. टोपी पांढरी होती, जाकीट पांढरं होतं, तिथेच मी झिजलो होतो. त्या दोन्हींच्या मधे सावळा चेहरा होता, टोपीच्या सावलीत. त्याची खूण माझ्यावर उमटलीच नव्हती. टोपीखाली नुसतं रिकामं होतं.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. कितीतरी दिवस ते त्या आकृतीशी बोलत होते आणि त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसत होत्या. डोळे उघडले तेव्हा ते पार घाबरलेले होते.

“मला ती आठवत नाहीये,” ते म्हणाले. “हा फोटो आठवतो. पण ती चालायची कशी? तिचा आवाज कसा होता गं? मला आवाजच ऐकू येत नाही.”

थोरली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने कमरेवर हात ठेवला, मान थोडी वाकडी केली आणि सगळी चाळ दणाणेल अशा आवाजात ओरडली, “पाय मार! पाय मार म्हणते ना! तलाव काय झोपायला बांधलाय?”

शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं. धाकटा रडता रडता हसू लागला. “आणि ते नाक पुसणं? ते कर ना!” थोरलीने मनगटाने नाक पुसून दाखवलं. बाबा म्हणाले, “नाही, तसं नाही. आधी हुंगायची, मग पुसायची.” आणि त्यांनी स्वतः करून दाखवलं. मग तिघंही एकमेकांना आई करून दाखवू लागले. तिच्या शिंका, तिची चप्पल शोधण्याची तऱ्हा, पोहून आल्यावर ओल्या केसांनी सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवणं. मी पांढरा, कोरा, पेटलेला होतो आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनीच सांगितलं, “हा काढा. याला मोठी जागा लागते.” धाकट्याने मोजपट्टी आणली, बाबांनी तिचं एक टोक खुर्चीशी धरलं, थोरलीने दुसरं भिंतीशी. ते त्रेचाळीस इंची टीव्ही घेऊन आले. फडताळ परत लागलं, आरसा परत लागला, खिडकीचे पडदे उघडले. मला न्यायला माणसं आली तेव्हा बाबांनी माझ्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. ते मला म्हणाले की तिला, कोण जाणे, “सांभाळून राहा.”

आता मी बंदरावरच्या कामगारांच्या खाणावळीत असतो. इथला हॉल लांबरुंद आहे आणि शेवटच्या बाकावरूनही मी नीट दिसतो. मित्रांनो, टीव्ही घ्यायला जाल तेव्हा आधी घरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. आपण कुठे बसणार, ते बघा. किती मोठा परवडतो, हे नंतर बघा. आणि ज्यांच्यावर तुमची माया आहे, त्यांना एकाच चित्रात फार दिवस उभं करून ठेवू नका. चित्र झिजतं, बघणाराही झिजतो.

खाणावळीत झाडलोट करणारी एक बाई रोज सकाळी माझ्यावरून फडकं फिरवते. तिला वाटतं, काचेवर कसलातरी डाग पडलाय. ती तोंडाची वाफ देते, घासते, मागे सरून बघते आणि पुन्हा घासते. तिला माझी एकच विनंती आहे, ओलं फडकं नको, कोरडं आणि मऊ घे. काल ती घासता घासता थांबली. तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, टोपीवरून, खांद्यांवरून, वर केलेल्या हातावरून नजर फिरवली. मग कुणाला झोपेतून उठवायचं नसावं तशी ती हलक्या हाताने फक्त माझ्या कडा पुसून गेली.