लेकीसाठी केलेली दमणी

मित्रांनो, बैलगाड्या पुष्कळ प्रकारच्या असतात. कुणी धान्य वाहते, कुणी कडबा, कुणी शेणखत. माझ्यासारखी हलकी गाडी मात्र फक्त माणसांना बसण्यासाठी करतात. तिला दमणी म्हणतात. मी तशीच एक जुनी दमणी आहे. म्हातारपणी आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, असा रिवाज आहे. मला ते जमणार नाही. माझ्या लाकडात राग मुरलेला आहे आणि तो तुम्हाला ऐकून घ्यावा लागेल.

मला अंबडला धर्मराज सुताराने घडवले. तेव्हा आमच्या मुलखावर निजामाचे राज्य होते. चाकांना त्याने जुनी बाभूळ वापरली आणि बैठकीला साग. मला करून घेणारे पुंजाराम हे जवळच्याच एका गावचे शेतकरी. ते सारखे येत आणि बैठकीवर हात फिरवून बघत.

"धर्मराज, हिला खडखड नको," ते म्हणत. "माझी तुळजा लांब केदारखेड्याला देऊन राह्यलो. तिला माहेरी यायचा कंटाळा नाही आला पाहिजे."

म्हणजे मी कशासाठी जन्मले, हे मला चाके बसायच्या आधीपासून ठाऊक होते. तुळजाबाईंना माहेरी आणायचे, हे माझे काम.

लग्न झाले. तुळजाबाई माझ्यात बसून सासरी गेल्या. नवरा भुजंग गाडी हाकत होता. साधा माणूस, कुणाला उलटून न बोलणारा. घर चालायचे ते त्याच्या थोरल्या भावाच्या शब्दावर. त्यांचे नाव कारभारी. त्यांनी पहिल्याच दिवशी मला गोठ्यापासून वेगळे, ओसरीसमोर उभे केले. येणारा-जाणारा बघेल अशा जागी.

त्यानंतर तुळजाबाई माझ्यात बसल्याच नाहीत. त्यांना बसू दिले नाही.

दिवाळी आली की त्या जावेकरवी विचारायच्या. ही जाऊ म्हणजे कारभाऱ्यांची बायको, सोनूबाई. त्या भीतभीत नवऱ्याला विचारायच्या आणि उत्तर यायचे, "गाडी रिकामी न्हाई." भोकरदनचा बाजार असायचा, कुणाकडे लग्न असायचे, कचेरीत कुणाला भेटायचे असायचे. लोक म्हणायचे, "कारभारी, दमणी झकास हाये तुमची." आणि ते हसून मान डोलवायचे. कुणाची दमणी, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

पाडव्याला त्या दोघी जावा माझी चाके धुवायच्या आणि हळदकुंकू लावायच्या. मला ओवाळायच्या. मग पुरुष बसून निघून जायचे. अशा पूजेचा मला संताप येई. जिला बसू देत नाहीत, तिच्या हातून कुंकू कशाला लावून घेता?

एकदा माघात निरोप आला की पुंजाराम आजारी आहेत, लेकीची वाट बघतात. त्याच वेळी कारभारी शेताच्या दाव्यासाठी अंबडच्या कोर्टात निघाले होते. माझ्यातूनच. रस्ता पुंजारामांच्या दारावरून जाणारा. तुळजाबाईंनी पहिल्यांदाच भुजंगाला पुढे करून विचारले.

"दादा, हिला वाटेत उतरवा फकत," भुजंग म्हणाला.

"साक्षीदार बसणार हायेत," कारभारी म्हणाले. "बाईमाणूस कुठं घालू मंधी? पुढच्या आठवड्यात बघू."

साक्षीदार दोनच होते. माझ्यात जागा होती. मी माझी बैठक ओळखते.

आम्ही त्या गावात शिरलो तेव्हा कुणीतरी लांबून मला ओळखले आणि आरोळी दिली, "तुळजाची दमणी आली." पुंजारामांना दोघांनी धरून दाराशी आणले. अंगावर घोंगडी, डोळे खोल गेलेले. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि हसले. मग आत कोण बसले आहे ते बघायला मान पुढे केली.

"दावा हाये, जल्दीत हाये," कारभारी बसल्या जागेवरून बोलले आणि बैलांना दोरीचा हिसका दिला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला थांबता येत नाही. पण त्या दारासमोरून जाताना मला वाटले, माझा चाकांमधला आस मोडावा आणि हे तिघे रस्त्यावर पडावेत. तो मोडला नाही. धर्मराजाने फार मजबूत केला होता.

भुजंग आणि तुळजाबाई आमच्या मागून पायी निघाले होते. ते पोहोचले तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. दमणी लेकीवाचून येऊन गेली आणि म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केले ते केलेच, हे शेजारणीने त्यांना सांगितले.

तेरावे उरकून दोघे केदारखेड्याला परत आले. तुळजाबाई घरात गेल्याच नाहीत. त्या माझे जू हाताने धरून उभ्या राहिल्या आणि मोठ्या दिरासमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या.

"दादा, ही माझ्या बापानं मला दिलेली हाये. ही मी नेऊन राह्यले."

"आन् कुठं?"

"इंग्रजी मुलखात. वऱ्हाडात."

कारभारी भावाकडे वळले. "तू काय बघतो? बायकोला आवर."

भुजंगाने बैल सोडून आणले आणि मला जुंपले. "मी तिच्यासंगं चाललो, दादा," तो म्हणाला. "बैल माझ्या वाटणीचे हायेत. बाकी काही नको." सोनूबाई दाराआडून बघत होत्या.

असे आम्ही परमुलखात गेलो. धाडच्या बाजूने हद्द ओलांडली. पलीकडे नाणे वेगळे, कायदा वेगळा, बोलण्याचा ढंगही थोडा वेगळा. चिखलीला सरकी काढण्याच्या कारखान्यात भुजंगाला काम मिळाले. तुळजाबाई कापूस निवडायला जाऊ लागल्या. शेजारच्या बाया त्यांना 'मोगलाईतली', म्हणजे निजामाच्या राज्यातली, म्हणायच्या आणि पाण्याला शेवटी उभे करायच्या. त्याचाही मला राग आहे.

उन्हाळ्यात कापूस संपला की कारखाना बंद पडायचा. पहिल्याच उन्हाळ्यात तुळजाबाई म्हणाल्या, "अवो, जुंपा. कुठंबी चला. मला हिच्यात बसायचंय."

तेव्हापासून दरवर्षी आम्ही फिरायला निघायचो. सिंदखेड, मेहकर, अजिंठ्याचा घाट. मलकापूरला त्यांनी पहिल्यांदा आगगाडी बघितली. पैसा नव्हताच, म्हणून कशावर खर्च करायचा नाही याची दोघांना उत्तम अक्कल होती. ज्वारीचे पीठ, ठेचा आणि कांदे घरून. बैलांचा कडबा माझ्या पाठीमागे बांधलेला. विहिरीवर स्वतःचा दोर आणि पोहरा. रात्री बैल सोडायचे आणि माझ्याखालीच घोंगडी अंथरायची. वाटेत माहेरी चाललेली बाई दिसली की तुळजाबाई तिला बोलावून बसवायच्या आणि दारापर्यंत पोहोचवायच्या, मग भले आडवाटेला जावे लागो.

लोक हसायचे. "देव न्हाई, नवस न्हाई, दोघं नुसते हिंडून राह्यले." देवाला निघालेल्यांना कुणी विचारत नाही. आनंदाला निघालेल्या बाईला मात्र प्रत्येकजण कारण विचारतो.

तुळजाबाईंना सगळ्यांत आवडले ते लोणारचे तळे. खोल वाटीसारख्या जमिनीच्या तळाशी हिरवे, खारे पाणी. काठावर बसून त्यांनी ते ओंजळीत घेतले. मग म्हणाल्या, "बापाला दाखवलं असतं."

वर्षे गेली. इंग्रज गेले, आमच्याकडे झेंडा लागला, आणि हद्दीपलीकडे निजामाच्या मुलखात धुमाकूळ सुरू झाला. रझाकारांच्या धास्तीने गावेच्या गावे उठून आमच्या बाजूला येऊ लागली. एके दुपारी आमच्या दारात कारभारी उभे राहिले. पाय फुटलेले, पागोटे नाही.

भुजंगाने त्यांना पाणी दिले. पाणी पिऊन ते म्हणाले, "दमणी दे. घरात पेटारा राह्यला. दागिने, भांडे, कागदं. कुणी नेलं तर मी बुडालो."

"जाऊबाई कुठं हायेत?" तुळजाबाईंनी विचारले.

कारभारी म्हणाले, "तिचं गुडघं धरलेलं. चालवत न्हाई तिला. म्हणून ठेवलं घरी. आधी सामान आणू, मंग दुसऱ्या खेपेला..."

तुळजाबाईंनी पुढचे ऐकले नाही. "जुंपा," त्या भुजंगाला म्हणाल्या.

त्या प्रवासाचे मी वर्णन करत नाही. जळालेल्या गंजी होत्या, ओस पडलेली दारे होती. सोनूबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. पेटारा तिथेच, शेजारी होता. भुजंग त्याच्याकडे बघू लागला.

"जागा न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या.

दोघांनी सोनूबाईंना उचलून माझ्यात बसवले. इतकी वर्षे त्या घरात काढून, हाताने माझी चाके धुऊन, त्या पहिल्यांदा माझ्यात बसत होत्या. गाव मागे पडल्यावर त्यांनी बैठकीवरून हात फिरवला.

"अशी लागते व्हय बसायला," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. वाटभर तुळजाबाई त्यांना लोणारचे, आगगाडीचे सांगत राहिल्या.

आम्ही परतलो तेव्हा कारभारी धावत आले. आत वाकून बघितले. "पेटारा?" बायकोकडे त्यांचे लक्षच नव्हते.

"पाय धरले म्हणून बायकोला सोडून आले, आन् ज्याला पायच न्हाईत त्या पेटाऱ्यासाठी गाडी मागता तुमी," तुळजाबाई म्हणाल्या. भुजंग भावाकडे पाठ करून बैल सोडत राहिला.

भादव्यात निजामाचे राज्य संपले. लोक आपापल्या गावी निघाले. कारभाऱ्यांनी पटका बांधला आणि बायकोला म्हणाले, "चल, जाऊ घरी."

सोनूबाई उंबऱ्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. "तुमी व्हा फुडं," त्या म्हणाल्या. "मला ते खारं तळं बघायचंय. ते बघून झालं की येते. आले तर."

कारभारी एकटेच गेले. आम्ही लोणारला गेलो.

तुम्ही म्हणाल, शेवट तर चांगला झाला, आता कसला राग? मित्रांनो, एका म्हाताऱ्याने दारात येऊन मान पुढे केली होती. लोणार दहा वेळा बघितले तरी ते भरून येत नाही.

गाडीला सावलीत ठेवा, चाकांना वेळेवर वंगण घाला, हे मी सांगायला नको. पण गाडी ज्या माणसासाठी केली, त्याला आधी तिच्यात बसवा. तेवढे करणार नसाल, तर तुमची गाडी रस्ताभर करकरत राहील. तो आवाज वंगणाने जात नाही.