मुजिंगच्या नवऱ्याची पाठ

कोल्वेझीच्या खाणकामगारांच्या वस्तीत कापेंड पिठाच्या गोण्या उसवून त्यांवर चित्रं काढायचा. आधी तो स्वतःच खाणीत उतरे. छातीनं दगा दिला तेव्हा पहार सुटली आणि हाती कुंचला आला.

त्या पावसाळ्यात पश्चिमेचं भुयार खचलं. आत कोणी नव्हतंच, असं म्हणून कंपनीनं यंत्रं लावली आणि तोंड बुजवून टाकलं. मुजिंगचा नवरा चिबांग आतच राहिला.

एका दुपारी मुजिंग कापेंडच्या दारात आली. नेसत्या कापडाच्या ओच्यात भुयाराच्या बुजवलेल्या तोंडापाशी खरवडलेली तांबडी माती होती.

"दादा, हिचा रंग कर. माझ्या माणसाला काढ."

"फोटो आहे?"

"असता तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

"मग चेहरा सांग."

"तोच आठवत नाही रे. डोळे मिटले की पाठ दिसते. भांडून गेला होता. वळून बघितलंसुद्धा नाही मेल्यानं."

कापेंडनं माती गोंदात कालवली. त्या मातीत कोण कोण असेल! त्यानं पाठच काढली. एक खांदा उतरलेला, मानेवर घाम, समोर काळोख. मुजिंगनं त्या खांद्यावर हात ठेवला आणि ती चित्रापुढेच बसून राहिली.

मग ती रोज बुकारी, मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणून चित्रापुढे ठेवू लागली. ज्यांची माणसं वर आली नव्हती त्या बायाही जमू लागल्या.

"हा माझा भाऊ. खांदे ओळखत नाही होय मी?"

"तुझा भाऊ तर पोक काढून चालायचा, गप बस!"

साऱ्या हसत. पण त्याची बाहेर यायची वाट अडू नये म्हणून चित्राच्या आणि दाराच्या मधे कोणी उभं राहत नसे. कापेंडही आता चित्राकडे पाठ करून जेवत नव्हता.

लुबुम्बाशी शहरातून चित्रांचा व्यापारी आला. "हे युरोपात जाईल. नाव होईल तुझं." कापेंड जन्मभर याच शब्दांची वाट बघत होता.

मुजिंग कोपऱ्यातून म्हणाली, "आणखी लांब नेणार त्याला?"

व्यापारी रिकाम्या हातानं परतला. दुसऱ्या दिवशी बायांनी चित्र चौकटीतून सोडवलं, फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलं आणि माणूस पुरावा तसं कबरस्तानात पुरलं. इतके दिवस कोंडलेलं रडं त्यांनी तिथं मोकळं केलं. मुजिंग परत आली ती थेट झोपली. कित्येक दिवसांनी लागलेली ती गाढ झोप उन्हं वर आली तरी मोडली नाही.

कापेंडला मात्र झोप लागली नाही. सकाळी दार उघडलं तर चित्रापुढे जमणाऱ्या बायांतली म्हातारी कायाज उभी होती, मागे आणखी बाया. प्रत्येकीच्या हातात रिकामी गोणी.

"माझ्या लेकाला समोरून काढ," कायाज म्हणाली. "मला तोंड आठवतंय. लवकर कर, विसरेन."

कापेंडनं तिला बसायला स्टूल दिलं.

"कपाळापासून सांग," तो म्हणाला.