पेट्यांचा पत्ता

"मास्तर, नकाशावर तुमची पिन शाळेच्या आवारात दिसतेय. तुम्ही शाळेत झोपता का?"

लिफ्टमिस्त्रीने एवढं टाइप केलं आणि पाठवावं की नाही, याचा विचार करत बसला. इमारतीच्या गच्चीवरच्या मोटारखोलीत तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. हाताला ग्रीस, फोनच्या काचेलाही ग्रीस. शेवटी डोळे मिटून त्याने बटण दाबलं.

मास्तरांचं उत्तर लगेच आलं. मधमाश्या पाळणाऱ्यांचा तो ऑनलाइन गट त्यांनीच निवृत्तीनंतर सुरू केला होता. "घरी बायको घोरते. पण ते असो, माझ्या पेट्या शाळेमागे आहेत. पिन तिथेच राहू द्या, नकाशेवाले."

हे नाव नवीन होतं. 'आपले सभासद कुठे कुठे राहतात ते एका नकाशावर दिसलं पाहिजे, कोण करेल?' असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा दिवसभर कोणी तोंड उघडलं नव्हतं. मिस्त्रीने 'मी बघतो' असं लिहिलं. तोवर तो गटात कधी बोललाच नव्हता. आता मात्र सगळे त्याच्याशी बोलायला लागले. नकाशेवाले, माझी पिन विहिरीत पडलीय, बाहेर काढा. नकाशेवाले, माझी पिन बायकोला दाखवू नका. मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभा राहून एकटाच हसायचा.

एक गोष्ट त्याच्या जरा उशिरा लक्षात आली. विचारलं होतं, राहता कुठे? पण घराचा पत्ता कोणीच दिला नव्हता. चष्मेवाला आपल्या चष्म्याच्या दुकानावरच राहायचा, तरी त्याची पिन सासऱ्याच्या बागेत होती. बेकरीवाल्याची पिन ओढ्याकाठी होती. जो तो आपल्या माश्यांचा पत्ता देऊन मोकळा झाला होता. मिस्त्रीला ते इतकं बरोबर वाटलं, की स्वतःची पिन त्याने भाड्याच्या खोलीवर न ठेवता या गच्चीवर ठेवली. मोटारखोलीच्या आडोशाला त्याच्या दोन पेट्या होत्या. पुढे आपण विसरलो तर काम अडू नये, म्हणून नकाशात फेरफार करायची मुभाही त्याने सगळ्यांना देऊन टाकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याला झटका आला. मोरीत पडला, घरमालकाने दार फोडलं. शुद्धीवर आला तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती.

ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, त्याला आपल्याकडे आणलं. ती घरीच शिवणकाम करायची. शिलाई मशीनच्या शेजारी त्याची खाट लागली. कपडे घेऊन येणाऱ्या बायका त्याच्याकडे बघत विचारायच्या, "ह्यांना कळतं का हो काही?"

"कळतं की सगळं," ताई म्हणायची. "तोच तर त्रास आहे."

फोन त्याच्या डाव्या हातातून निसटायचा, म्हणून दुपारी मशीन थांबलं की ताई त्याला गटातले निरोप वाचून दाखवायची.

"नकाशेवाले गप्प का, असं विचारतायत बघ. कोणीतरी घरी जाऊन या म्हणतोय. दुसरा म्हणतो, घर नकाशात आहेच."

दोन दिवसांनी चष्मेवाल्याचा निरोप आला. "पिनवर जाऊन आलो. पेट्या झकास. वॉचमन म्हणतो, पेट्यांच्या मालकाला झटका आलाय, बहिणीकडे आहेत. तिचा नंबर घेतलाय."

त्याखाली प्रश्नांची रांग लागली होती. राणीमाशी नवी आहे का? मध किती धरलाय? ताईने अंगठ्याने बरंच खाली जाऊन पाहिलं. कुठे राहते ही बहीण, असं कोणी विचारलं नव्हतं. जोडलेल्या हातांची चित्रं तेवढी पाच-सहा होती.

मास्तरांनी लिहिलं होतं, "भावना बाजूला ठेवून बोलतो. माश्यांचे हाल नकोत. ज्याची पिन सगळ्यात जवळ, त्याने पेट्या न्याव्यात."

"मग माझीच," चष्मेवाला.

"रस्त्याने मोजलं तर तुमची. सरळ रेषेत माझी. माशी काय रस्त्याने जाते?" बेकरीवाला.

"भांडू नका. ह्या वेळी चष्मेवाले, पुढच्या वेळी तुम्ही," मास्तर.

"नकाशा फार कामाला आला हो!"

"मेले," ताई म्हणाली आणि पुन्हा शिवायला बसली.

संध्याकाळी चष्मेवाल्याचा फोन आला. "ताई, मी त्यांचा मित्र."

"मित्र? ह्याला?"

"पेट्या घेऊन जातो म्हणतो. तिथे बघायला कोणी नाही."

"आणि हा बरा झाला म्हणजे?"

"तेव्हा देईन की परत. होणार आहेत का बरे?"

मिस्त्रीने डावी मूठ खाटेच्या लोखंडावर आपटली. घशातून आवाज काढला. ताईने फोनवर हात ठेवला.

"कळतंय मला तुझं म्हणणं. पण गच्चीच्या शिडीवर चढणार कोण? तुला संडासात न्यायचं तर शेजारच्याला हाक मारावी लागते मला."

त्याने धडपडत पायावरची चादर ओढून काढली. त्या दिवशी सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला होता. नक्की हलला होता, त्याने स्वतः पाहिला होता. त्याने अंगठ्याकडे बोट दाखवलं. ताई थांबली. दोघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा फुगल्या.

अंगठा हलला नाही.

ताईने चादर पुन्हा नीट घातली. "घेऊन जा," ती फोनमध्ये म्हणाली.

पेटी हलवायची ती सगळ्या माश्या आत परतल्यावर, अंधार पडता पडता. गटातल्या नव्या लोकांना हे चष्मेवालाच समजावून सांगायचा. पण त्याचं दुकान दुपारीच बंद असायचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने दोन्ही पेट्यांची दारं बंद केली आणि त्या गाडीत घातल्या. गटात फोटो आला. बाहेरच्या माश्यांचं काय केलंत, असं बेकरीवाल्याने खोचकपणे विचारलं. "राहिल्या तर राहिल्या," चष्मेवाल्याने लिहिलं. "राणी आली म्हणजे झालं."

"नकाशेवाल्यांची पिन काढून टाकू का?"

"काढा. नवे लोक उगाच जिने चढतील."

ताईने नकाशा उघडून त्याच्यासमोर धरला. बाकी सगळे होते.

थोड्या वेळाने वॉचमनने एक व्हिडिओ पाठवला. रिकामी गच्ची, आणि ऊन. पाय परागाने पिवळे झालेल्या माश्या एकामागून एक येत होत्या. पेटीचं दार जिथे होतं त्या जागी हवेतच थबकत होत्या, मागे जाऊन पुन्हा येत होत्या. तसूभर वर नाही, तसूभर खाली नाही. काही थकून भिंतीवर बसल्या होत्या. वॉचमनचा आवाज येत होता, "मिस्त्री, ह्या जायचं नावच घेत नाहीत. लोक बोंब मारतायत, फवारा मारा म्हणतात. तुमच्या आहेत, म्हणून विचारतो. काय करू?"

"काय सांगू त्याला?" ताईने विचारलं.

मिस्त्रीला पुढचं दिसत होतं. राणी नाही, पेटी नाही. रात्री गारठ्यात त्या भिंतीवर गोळा होतील, उद्या परत हवेत त्याच जागी येतील, परवा थोड्या कमी येतील.

"मारू दे का रे फवारा?"

त्याने होकाराची मान हलवली. ताईला खात्री वाटेना, म्हणून त्याने पुन्हा, सावकाश हलवली.

तिने 'मारा' असं लिहून पाठवलं आणि फोन त्याच्या छातीवर ठेवून ती चुलीकडे गेली. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. मिस्त्रीने डाव्या हाताने फोन पालथा केला आणि त्यावर तळवा दाबून धरला. आवाज थांबला नाही. तळव्याखाली तो थरथरत राहिला.