खरा कूलर मीच

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. हल्लीचा, चाकांवर घरभर फिरणारा प्लॅस्टिकचा नव्हे. मी पत्र्याचा, चौकोनी, दोघांनी उचलल्याशिवाय जागचा न हलणारा अस्सल नागपुरी कूलर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात 'कूलरवाली' हे नाव भलत्याच कुणाला मिळालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझा जन्म कामठी रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. कारागिराने ठोकून ठोकून मला आकार दिला. तीन बाजूंना जाळ्या बसवल्या आणि त्यांत वाळा भरला. पोटात पाण्याची टाकी, पाणी वर चढवायला एक छोटा पंप आणि तोंडाशी मोठा पंखा. निळा रंग दिल्यावर मी इतका देखणा दिसू लागलो की दुकानदाराने मला रस्त्याच्या बाजूला उभं केलं.

तिथून मला रुपरावांनी घरी आणलं. रुपराव वीज खात्यात नोकरीला होते. त्यांची मुलगी दामिनी तेव्हा पाळण्यात होती आणि घामोळ्यांनी रडून रडून बेजार झाली होती. त्यांनी मला बाजूच्या बोळात, खिडकीला लावून स्टँडवर बसवलं, बादलीने पाणी भरलं आणि बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा वास खोलीत पसरला आणि पोर झोपली. त्या दिवशी दामिनीच्या आईने, प्रेमिलाताईंनी, मला हळदीकुंकू लावलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढे दामिनी बोलायला लागली, तेव्हा माझ्या पंख्यासमोर तोंड धरून लांबच लांब 'आऽऽ' करायची. आवाज थरथरत परत आला की खुदकन हसायची. परीक्षेचा अभ्यास तिने माझ्यासमोर केला. होळी झाली की मला जिन्याखालून बाहेर काढायचं, नवा वाळा भरायचा आणि खिडकीत बसवायचं, हा घरचा रिवाजच होता. मला वाटायचं, या घरात उन्हाळ्याचा मालक मीच.

मग दामिनीला सदर भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि तिने आपलं पहिलं वाहन घेतलं. रुपराव म्हणत होते, स्कूटी घे. पण शाळेत जाताना गोपाळराव नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंगणात ती एक गोल पाठीची, इंजिन मागे असलेली जुनी विलायती गाडी रोज पाहायची. तिच्या मनात तीच बसली होती. गोपाळरावांना आता गाडी चालवणं होत नव्हतं, त्यांनी ती हिला विकली.

होळी नुकतीच झाली होती. मी जिन्याखाली गोणपाटाआड माझ्या नव्या वाळ्याची वाट पाहत होतो, तेव्हा ती फटफट करत दारात आली. पिस्ता रंग, चकचकीत दिवे, माझ्याहून कितीतरी म्हातारी आणि तोरा मात्र नव्या नवरीचा. दामिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीवरून तिने तसा हात कधी फिरवला होता, हे मला आठवेना.

"एअर कूल्ड आहे, आई," दामिनी म्हणाली.

प्रेमिलाताईंनी यातला 'कूल्ड' तेवढा उचलला. नागपुरात कूलर म्हणजे काय ते कुणाला शिकवावं लागत नाही. दामिनी ऑफिसात गेली की त्या शेजारणींना सांगत सुटल्या, "आमच्या दामिनीनं कूलरवाली गाडी घेतली वं. आतमध्ये बसलं का महाबळेश्वरच."

कूलरवाली म्हणे. वाळा नाही, पंप नाही, टाकी नाही, आणि कूलरवाली! माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपरावांनी नळाखाली बादली भरली. ही माझी बादली, मित्रांनो. तिचा कान वाकलेला आहे तो माझ्याच टाकीवर आपटून. बादली माझ्याकडे येईल म्हणून मी वाट पाहिली. ती माझ्यासमोरून सरळ गाडीकडे गेली. रुपरावांनी पुढचं झाकण उघडलं. आत स्टेपनी आणि सामानाची जागा होती.

"पाणी कुठी टाकू गा हिच्यात?" ते स्वतःशीच म्हणाले.

"हिले पाणी लागतच नाही, बाबा," दामिनी आतून हसत म्हणाली.

मग त्यांनी त्याच पाण्याने तिला आंघोळ घातली. जिला पाणी लागत नाही तिला पाणी, आणि मी कोरडा ठणठणीत.

खरं संकट पुढे होतं. गाडी उभी करायला बोळाशिवाय जागा नव्हती आणि बोळात माझं स्टँड आडवं येत होतं.

"यंदा कूलर नका लावू," प्रेमिलाताई रुपरावांना म्हणाल्या. "दुपारी लयच गरम झालं तर गाडीतच जाऊन बसू. हे धूड भंगारवाल्याले देऊन टाका."

भंगारवाल्याचं तेवढं कानावर पडलं म्हणून दामिनी म्हणाली, "थांबा ना, जागा पाहू कुठीतरी." पण तिला ऑफिसची घाई होती, आणि तिची गाडी बोळात उभी राहिलीच. माझं स्टँड उपटलं गेलं. एप्रिल गेला, मे तापला, गाडी दुपारी ऑफिसातच असल्याने तिच्यात बसणं कुणाला जमलं नाही, आणि मी जिन्याखाली गोणपाटात तसाच पडून राहिलो.

शेवटी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, भंगारवाल्याला निरोप गेला. त्याच दिवशी मौद्याला नातेवाइकांकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. प्रेमिलाताईंनी आपल्या मोठ्या बहिणीला, कौशल्याबाईंना, मुद्दाम बोलावून घेतलं होतं: आमच्या कूलरवाल्या गाडीत ये. मला फाटकाशी उन्हात काढून ठेवलं आणि सगळे भर दुपारी निघाले. दोघी बहिणी रेशमी लुगडी नेसून मागे बसल्या. इंजिनाच्या अगदी पुढ्यात.

संध्याकाळी भंगारवाला ठेला घेऊन आला. घरी कुणी नाही म्हणून फाटकाशी थांबला. त्याने माझी जाळी वाजवून पाहिली, पत्रा बोटाने दाबला. मग मला तिरपं करून ठेल्यावर किती जागा लागेल याचा अंदाज घेऊ लागला. मित्रांनो, तेव्हा मी फार घाबरलो. सगळा हेवा पळाला आणि पाळण्यातली ती घामोळ्यांची पोर तेवढी डोळ्यांसमोर राहिली.

इतक्यात फटफट आवाज आला. गाडी थांबली. कौशल्याबाई उतरल्या त्या फाटकाला धरूनच उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं.

"प्रेमिला, रस्ताभर इचारून राहिली मी. तुमच्या गाडीतला कूलर कुठी आहे वं?"

"मावशी, हवा इंजिनाले लागते," दामिनी ओशाळून म्हणाली. "पाण्याच्या ऐवजी हवेनं इंजिन थंडं होते. आईनं तुले काय सांगितलं ते मले आता समजलं."

"म्हणजे गाडी थंडी राहते अन् माणसं शिजतात," प्रेमिलाताई म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्यावर आणि माझ्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या भंगारवाल्यावर गेली. "त्याले हात नको लावू, भाऊ. अहो, आयकलं का? बादली आणा."

बादली आली. आमची जुनी, वाकलेल्या कानाची. अंगणातच तार ओढून मला जोडलं. पंप आधी खोकला, जुन्या वाळ्यातून धूळ उडाली, रुपरावांना शिंक आली. मग पाणी वर चढलं आणि मी असा वारा सोडला की कौशल्याबाई बाजेवर बसल्या त्या जेवणाची वेळ होईपर्यंत उठल्या नाहीत. भंगारवालाही घटकाभर टेकला आणि रिकामा ठेला घेऊन गेला.

आता मी अंगणातच असतो. दामिनीने माझ्यासाठी निंबाखाली ओटा बांधून घेतला आणि नवा वाळाही भरला. पण सुख कुठे निर्मळ असतं? ऑफिसातून आली की बोळात लावण्याआधी ती गाडी घटकाभर माझ्यासमोर उभी करते आणि मागचं झाकण उघडते. "हिलेही लागू द्या थोडी हवा," म्हणते. तेव्हा मला दिसलं, गाडीच्या पाठीतही एक पंखा आहे. म्हणजे आहे तर माझ्याच जातीची. पण तो पंखा ती स्वतःपुरता फिरवते आणि मी घरासाठी फिरवतो. हा फरक पाहून मला जरा बरं वाटतं. तरी दामिनी तिला पुसायला बसते तेव्हा आतून जळतोच. परवा मात्र पुसता पुसता ती उठली, माझ्यापाशी आली आणि पंख्यासमोर तोंड धरून लांबच लांब 'आऽऽ' केलं. गाडीला हे जमत नाही.

मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा. पण तुमच्या घरी जिन्याखाली माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचं गोणपाट काढा, वाळा बदला, कोरड्या टाकीवर पंप चालवू नका. आणि बादली भरली की आधी त्याच्याकडे जा. गाडीला पाणी लागत नाही.