सात नंबरचं बीळ

माझे सासरे पस्तीस वर्षं एका लॉजचे मॅनेजर होते. निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या किल्ल्यांना नंबर लावले. दुसऱ्या आठवड्यात चहाच्या वेळा ठरवून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुझ्या त्या जंगलात यांच्यासाठी काहीतरी काम बघ बाई. नाहीतर मीच जंगलात राहायला जाते."

मी प्राण्यांची डॉक्टर, शहराबाहेरच्या राखीव जंगलात नोकरीला. तेव्हा आमच्यामागे खरूज लागली होती. म्हणजे आम्हाला नाही, कोल्ह्यांना. डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत शिरतात, प्राणी खाजवून खाजवून रक्तबंबाळ होतो, केस झडतात, खाणं सुटतं. एका कोल्हिणीला मी दोनदा पिंजऱ्यात धरून औषध दिलं होतं. दोन्ही वेळा ती बरी झाली आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तशीच. आमचा ड्रायव्हर तिला टकली म्हणायचा. मग साळिंदरं आणि उदमांजरंही खाजवताना दिसू लागली आणि माझी मती गुंग झाली. ही खरूज अंगाला अंग लागून पसरते असं मी धरून चालले होते. पण कोल्हा आणि साळिंदर तर एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत!

बिळांच्या तोंडाशी कॅमेरे होते, पण व्हिडिओंचा ढीग बघायला माणूस नव्हतं. साहेबांची परवानगी काढून मी लॅपटॉप सासऱ्यांपुढे ठेवला. "बाबा, कोण आत जातं, कोण बाहेर येतं, एवढंच लिहायचं."

"जन्मभर दुसरं काय केलं मी?" बाबा चष्मा पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलाचा पार काउंटर झाला. मटार सोलता सोलता सासूबाईही डोकावू लागल्या.

"अहो, तो काटेवाला परत आला बघा."

"आला नाही, गेला. नीट बघत जा."

नवव्या दिवशी दुपारी घरी आले तर बाबा वही घेऊन दारातच उभे.

"सूनबाई, तुझ्या सात नंबरच्या बिळात ढेकूण झालेत."

"बाबा, ते ढेकूण नाहीत, खरजेचे किडे..."

"नाव काही का असेना. हे बघ. सोमवारी साळिंदर गेलं. मंगळवारी टकली आली, चार दिवस मुक्काम. ती गेली, दोन दिवसांनी उदमांजर. मग पुन्हा टकली. कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही, पण झोपले सगळे एकाच गादीवर! आमच्याकडेही अशी एक खोली होती. माणूस बदलला तरी तक्रार तीच. शेवटी खोली रिकामी ठेवून साफ केली तेव्हा सुटलो. तू काय करतेस? गिऱ्हाइकाला औषध देतेस आणि परत त्याच खोलीत पाठवतेस."

मी पायरीवर बसकण मारली. गार, ओलसर मातीत हे किडे प्राण्याच्या अंगाबाहेरही दोन-तीन आठवडे तग धरू शकतात, हे मी कॉलेजात घोकलं होतं, पेपरात लिहिलंही होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! मला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई धावत बाहेर आल्या.

"काय केलंत तिला?"

"काही नाही. शिकवणी घेतली," बाबा म्हणाले.

वही पुरी चाळल्यावर कळलं की एकोणीस बिळांपैकी तीनच अशी सामाईक होती. आत कुणी नाही याची खात्री करून आम्ही ती तिन्ही महिनाभरासाठी बुजवली. टकलीला तिसऱ्यांदा औषध दिलं. तिसऱ्याच दिवशी साळिंदराने सात नंबर उकरून मोकळं केलं. मी हिरमुसले, पण बाबा खूश होते. "असा एक नमुना असतोच. खोली नाही म्हटलं की त्याला तीच हवी असते." दुसऱ्यांदा आम्ही मोठे दगड रचले, वर जाळी ठोकली. साळिंदर दोन रात्री धडपडलं आणि तिसऱ्या रात्री दुसरीकडे गेलं.

खरूज पार गेली असं म्हणणार नाही. जंगलात ती कुठे ना कुठे, कुणाच्या ना कुणाच्या अंगावर टिकून राहतेच. पण आधी दर आठवड्याला एक तरी झडलेलं जनावर दिसायचं, ते आता दोन-दोन महिने दिसेना. टकलीच्या पाठीवर आधी लव आली, मग चांगले दाट केस. तिला टकली म्हणायची ड्रायव्हरलाच लाज वाटू लागली.

मग एके दिवशी तिने कॅमेऱ्यासमोर पिल्लं आणली. साहेब स्वतः म्हणाले, "मॅनेजरसाहेबांना प्रत्यक्ष दाखवा की."

आम्ही सकाळी जीपमधून गेलो. सासूबाई पहिल्यांदाच जंगलात येत होत्या, दुर्बीण त्यांनी कुणाला दिलीच नाही. कोवळ्या उन्हात तीन पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. अंगावर गुबगुबीत केस, एकही चट्टा नाही. एवढ्यात एक धीट पिल्लू तुरुतुरु जीपपाशी आलं, त्याने टायर हुंगला आणि फटकन शिंकलं.

बाबा खो खो हसले. क्षणात कोल्हीण गुरकावली आणि सगळी पिल्लं गवतात दिसेनाशी झाली.

"झालं समाधान? पळवलीत ना!" सासूबाई कडाडल्या. घर येईपर्यंत त्या बोलत होत्या आणि घर येईपर्यंत बाबा हसत होते.