करंड्याचं झाकण

"अण्णा, आईचा फोटो आला का?" सुमतीनं पडद्याबाहेरून विचारलं.

"थांब गं, फिल्म ओली आहे," उत्तम डार्करूममधून म्हणाला.

उद्या मंजुळाचं तेरावं. पाटावर ठेवायला फोटो हवा होता. मोहने गावातल्या निम्म्या घरांत उत्तमनं काढलेले लग्नांचे फोटो होते, पण त्याच्या घरात बायकोचा धड एक नव्हता. स्वतःच्या लग्नात ती मुंडावळ्यांआड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काय तो एकच, श्रावणात छोट्या कॅमेऱ्यानं काढलेला. रोल संपला नव्हता म्हणून धुवायचा राहिला होता.

तो कॅमेरा त्यानं कल्याणहून जुना आणला, तेव्हा मंजुळा म्हणाली होती, "अहो, भिंग एवढंसंच? माझ्या कुंकवाच्या करंड्याएवढं! तुमच्या लग्नांच्या कॅमेऱ्याचं कसं दांडगं आहे."

"त्याच्या पोटात आरसा असतो. दर फोटोला वर उडतो. त्याला जागा सोडायची म्हणून भिंग फिल्मपासून लांब ठेवायचं. लांबून अख्खी खोली मावायची तर काचा वाढतात, मग ते जाडजूड होतं. ह्यात आरसाच नाही. भिंग फिल्मला खेटून बसतं. आपण बघायचं वरच्या वेगळ्या खिडकीतून."

"म्हणजे आपल्या खोलीसारखं. झोपाळा नाही, म्हणून तर ट्रंक भिंतीला टेकते."

इतकं सोपं त्याला कधी सांगता आलं नसतं. भिंगाचं मूळ झाकण हरवलेलं होतं. तिनं करंड्याचं पितळी झाकण लावून पाहिलं, ते चपखल बसलं. तेव्हापासून करंड्यावर कागद, आणि भिंगावर झाकण. कॅमेरा खाली ठेवला रे ठेवला, की धूळ बसू नये म्हणून तीच ते लावायची.

श्रावणातल्या त्या दुपारी ती दारात उन्हाला केस सुकवत बसली होती. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं तर दोन मंजुळा दिसत होत्या, एक ठळक, एक पुसट. त्यानं भिंगाचं कडं फिरवलं, तशा दोघी सावकाश जवळ आल्या आणि एक झाल्या.

"अहो, ते..."

"हलू नकोस. बोलूही नकोस."

मग ती हसलीच. पदर तोंडाशी न्यायचंही भान नाही, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मोठ्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा उडतो आणि क्षणभर अंधार होतो. इथे अंधार नाही. ते हसू त्यानं अख्खं पाहिलं.

"अहो, ऐका तरी!"

"आल्यावर सांग," म्हणून तो बारशाचे फोटो काढायला पळाला. पुढे दोघंही विसरले.

आता त्यानं फिल्म उजेडाला धरली. तुळस आली होती, सुमतीची वेणी आली होती. पुढची चौकट मात्र कोरी, काचेसारखी. तिथे उजेड पोचलाच नव्हता. त्यानं टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. भिंगावर पितळी झाकण होतं.

खिडकीतून त्याला ते दिसत नव्हतं. समोर बसलेल्या तिला दिसत होतं. उत्तमला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच तो स्टुलावर बसून रडला.

"नाही आला गं," त्यानं बाहेर येऊन सुमतीला सांगितलं.

तेराव्याला पाटावर करंडा ठेवला होता. त्यावरचा कागद काढून उत्तमनं हलक्या हातानं झाकण बसवलं.

"दाजी, ताईचा एक पण फोटो नाय?" मंजुळाच्या भावानं, तानाजीनं, विचारलं.

"काढलेला ना," उत्तम म्हणाला. "काय हसलेली!"