दक्षिण उताराची नोंद

नकाशाकाराने दोन बोटांनी डोंगर मोठा केला. भिंतीवरच्या पडद्यावर दक्षिण उतार पसरला. हिरवा, सपाट, निर्विकार.

"बोल मावशी, या उतारावर काय आहे?"

मावशी उभी राहिली आणि पडद्यावरचा हिरवा रंग पाहत राहिली. सभागृहात चाळीस माणसे होती आणि उत्तर चाळिसांनाही ठाऊक होते. त्या दाट झाडीखाली झरा होता; उपग्रहाला तेवढा दिसला नव्हता. गेल्या वर्षी लोकसहभागाच्या भरात त्यांनी उत्तरेकडचे तीन झरे स्वतःच्या बोटांनी नकाशावर दाखवले, आणि महिन्याभरात तिथे शहराचे पंप बसले. सहभाग इतका यशस्वी ठरला, की अहवालाच्या मुखपृष्ठावर मावशीचे बोट छापले गेले.

"पाचला नोंद बंद," नकाशाकारासोबत आलेले सर्वेक्षणाचे साहेब म्हणाले. "रिकामी जागा निरुपयोगी धरली जाईल. मग ती खाणीकडे."

"सांगितलं तर पाणी जाणार, गप्प बसलो तर डोंगर," मागून कोणीतरी म्हणाले. "इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही यांच्याच!"

साहेबांचा फोन वाजला. ते बाहेर गेले.

मावशी टेबलापाशी आली. यंत्रावर यादी होती: पाणी, लाकूड, चराई, दफनभूमी. शेवटच्या शब्दापुढे कुलूप होते.

"हे कुलूप कसलं रे?"

"त्या जागेला कुणालाच हात लावता येत नाही." मग नकाशाकाराचा आवाज खाली आला. "मावशी, तिथे कुणाला पुरलेलं नाही. खोटी नोंद सापडली तर माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी जाईल. आमचं काय जाईल, ते तुला सांगायला हवं?"

नकाशाकार याच गावचा; लहानपणीची प्रत्येक सुट्टी त्याने त्या झऱ्यात पाय सोडून काढली होती. त्याने कुलपावर बोट टेकवले. नवी चौकट उघडली: पहिल्या मृताचे नाव.

तिसऱ्या रांगेतून त्याची आई उठली.

"माझं घाल."

"आई, काहीतरीच काय!"

"कधीतरी जायचंच आहे. जागा आधी धरलेली बरी."

त्याने एकेक अक्षर दाबत नाव लिहिले. पुढची चौकट उघडली: मृत्यूची तारीख. त्याचे बोट थांबले.

"आजची टाक," आई म्हणाली. "पाच वाजत आलेत."

दाराबाहेर साहेबांची पावले वाजली. आईकडे न पाहता त्याने तारीख टाकली.